क्रेडिट कार्डाचं बिल: पैसे कुठे गळतात आणि ती गळती कशी थांबवायची

माझा भाचा पुण्यात नोकरीला लागला आणि सहा महिन्यांत त्याने पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं. ६ जूनला त्याने कार्डावर ४०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. ५ जुलैला बिल आलं, भरायची शेवटची तारीख २५ जुलै. त्या दिवशी त्याने ३९,००० रुपये भरले. हजार रुपये राहिले, ते पुढच्या महिन्यात देऊ असं त्याने ठरवलं. ऑगस्टच्या बिलात त्या हजारासोबत २,२६९ रुपये व्याज आणि त्यावर ४०८ रुपये जीएसटी लागून आला. मधल्या काळात त्याने कार्डावर दुसरं काहीच घेतलं नव्हतं. फोन पुढे करून तो म्हणाला, "मामा, पैसे तर भरले होते ना मी!"

भरले होते. त्या बँकेने चूक केली नव्हती आणि हा आकडा कार्डाच्या अटींप्रमाणेच होता. तो कसा आला ते पाचव्या पायरीत मांडलं आहे. माझ्याकडे स्टेटमेंट घेऊन येणाऱ्यांपैकी उधळपट्टी करणारे मला फार थोडे दिसतात. बहुतेक जण नेटाने पैसे भरणारे असतात, फक्त एखादी पायरी चुकते किंवा मागेपुढे होते. म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमानेच वाचा. कार्ड आधीपासून वापरत असाल तर दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.

पायरी १: अर्ज करण्याआधी चार आकडे लिहून घ्या

मॉलमध्ये टेबल मांडून बसलेला मुलगा कॅशबॅक, विमानतळावरचं लाउंज आणि सिनेमाची तिकिटं यांबद्दल सांगेल. त्याचं ऐका, पण त्याच्याकडून हे चार आकडे मागून घ्या:

१. वार्षिक फी किती, आणि ती माफ व्हायला वर्षाला किती खर्च करावा लागतो. "लाइफटाइम फ्री" म्हणत असतील तर तसं अर्जात किंवा बँकेच्या ईमेलमध्ये लिहिलेलं हवं. "पहिलं वर्ष मोफत" हा वेगळा प्रकार आहे.

२. महिन्याचा व्याजदर. बऱ्याच कार्डांवर तो ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान असतो. ३.५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. या दराला कायद्याने वरची मर्यादा असेल या भरवशावर राहू नका. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

३. उशिरा भरल्याचं शुल्क. थकलेल्या रकमेप्रमाणे त्याचे टप्पे असतात.

४. कार्डावर एटीएममधून रोख काढण्याचं शुल्क आणि परदेशी चलनातल्या खर्चावरचं शुल्क.

पाचवी गोष्ट आकड्याची नाही. महिन्याचा किराणा, पेट्रोल, वीजबिल आणि फोनबिल मिळून तुमचा खर्च किती होतो ते मांडून पाहा. वार्षिक फी माफ करून घेण्यासाठी तेवढ्याच्या पलीकडे खर्च वाढवावा लागत असेल, तर ते कार्ड तुमच्यासाठी नाही.

सावध: न मागता आलेलं कार्ड सुरू करू नका. मागणी नसताना कार्ड देण्याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असं कार्ड आलंच, तर ते सुरू करण्यासाठीचा ओटीपी कोणालाही सांगू नका.

पायरी २: कार्ड हातात आल्यावरचा पहिला अर्धा तास

पाकीट फोडलं की आधी बँकेचं अॅप उघडा. काही खरेदी करण्याआधी पुढची कामं याच क्रमाने उरका.

पिन तयार करा. नंतर व्यवहारांच्या नियंत्रणाचं पान शोधा. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, टॅप करून पैसे देणं आणि एटीएम यांच्यासाठी तिथे वेगवेगळी बटणं असतात. ही सोय ठेवणं बँकांना बंधनकारक आहे. परदेशी व्यवहार आणि एटीएममधून रोख काढणं बंद करा. ऑनलाइन खर्चाला तुमच्या गरजेपुरती मर्यादा घाला. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात, म्हणून रोज लोकलने किंवा गर्दीच्या बसने जाणाऱ्यांनी टॅपची मर्यादा हजारावर आणलेली बरी.

लिमिटपलीकडच्या खर्चाला परवानगी विचारली तर नकार द्या. त्याला तुमची स्पष्ट संमती लागते आणि दिलीत तर त्याचं शुल्कही लागू शकतं.

आता ऑटोपे लावा. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. अॅप विचारतं, आपोआप काय भरायचं: एकूण देय की किमान देय? घाईत किमान देय निवडलं जातं आणि माणूस निर्धास्त होतो. दर महिन्याला बँक खात्यातून थोडे पैसे जातात, संदेश येतो, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंचं असं सात महिने चाललं होतं. एकूण देय, म्हणजे अॅपमधलं "टोटल अमाउंट ड्यू", हेच निवडा.

तपासणी: ऑटोपे लावल्या दिवशीच सुरू होईल असं धरू नका, विशेषतः पैसे दुसऱ्या बँकेच्या खात्यातून जायचे असतील तर. पहिलं बिल स्वतःच्या हाताने भरा. दुसऱ्या बिलाच्या वेळी पैसे आपोआप गेले का ते पाहा आणि मगच त्यावर विसंबा. खात्यात पुरेशी रक्कम नसेल आणि ऑटोपे परतला, तर कार्डाची बँक एक दंड लावते आणि खात्याची बँक दुसरा.

पायरी ३: दोन तारखा वेगळ्या ओळखा

एक तारीख बिल तयार होण्याची, दुसरी बिल भरण्याची. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला बनतं आणि भरायची तारीख २५ आहे. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि २५ जुलैपर्यंत भरायची असते, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी मिळतात. तीच खरेदी ५ जुलैला केली तर २० दिवसच मिळतात. जाहिरातीतल्या "५० दिवसांपर्यंत" मधला "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठी खरेदी करायची असेल तर बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी करा.

पगार १ तारखेला होत असेल आणि बिल भरायची तारीख २८ असेल, तर महिनाअखेर खातं रिकामं असतानाच बिल अंगावर येतं. बिलाचं चक्र बदलून मागण्याची सोय रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेली आहे. बँकेला फोन करा किंवा अॅपमधून विनंती टाका आणि भरायची तारीख पगारानंतर पाच ते दहा दिवसांत येईल असं पाहा. हे एकदाच करायचं काम आहे आणि त्याचा उपयोग कुठल्याही कॅशबॅकपेक्षा जास्त आहे.

पायरी ४: खर्च करताना

नियम एकच: जे पैसे आज बचत खात्यात आहेत, तेवढेच कार्डावर खर्च करायचे. माझी बायको यासाठी एक साधी युक्ती वापरते. कार्डावर ८५० रुपयांचा किराणा आला की ती त्याच वेळी ८५० रुपये आपल्या दुसऱ्या खात्यात वळते करते. त्या खात्याला ऑटोपे जोडलेला आहे. बिल येईपर्यंत बिलाची रक्कम तिथे आपसूक जमलेली असते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ही सवय आणखी गरजेची आहे. चहावाल्यापासून भाजीवालीपर्यंत स्कॅन करत गेलं की वीस-पंचवीस बारीक खर्चांचा हिशेब डोक्यात राहत नाही.

कार्ड कुठे वापरू नये, तेही पाहून घ्या.

रोख काढायला कधीही नाही. साधारण अडीच टक्के शुल्क लागतं, त्यालाही काहीशे रुपयांची किमान मर्यादा असते, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. बिनव्याजी दिवस रोख रकमेला मिळतच नाहीत. दवाखान्यात अडचण आली तरी काउंटरवर कार्ड घासा, एटीएमकडे जाऊ नका.

घरभाडं किंवा वॉलेट भरण्याआधी शुल्काचं पान वाचा. अनेक बँका यावर वेगळं शुल्क घेतात आणि रिवॉर्ड पॉइंटही देत नाहीत.

परदेशात दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत देणार की स्थानिक चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपण तेच बटण दाबतो. स्थानिक चलन निवडा. रुपयांत रूपांतर करताना दुकानदाराच्या बाजूचा दर लागतो आणि तो बहुधा महाग असतो.

आणि "नो कॉस्ट ईएमआय". ३०,००० रुपयांचा फोन, सहा महिने, महिना ५,००० रुपये. व्याजाइतकी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांतून घेते, म्हणून बेरीज ३०,००० वरच राहते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. व्याज वर्षाला १६ टक्के आणि प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरलं, तर जीएसटी आणि शुल्क मिळून सुमारे पावणेपाचशे रुपये जातात. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला तोच फोन स्वस्त मिळत होता का, हे विचारायचं राहून जातं. ईएमआय घ्यायचाच असेल तर घ्या, पण हा हिशेब करून घ्या.

पायरी ५: बिल आलं की त्याच दिवशी वाचा, आणि पूर्ण भरा

स्टेटमेंट ईमेलवर येतं, पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून कित्येक जण ते उघडतच नाहीत. पासवर्ड कसा बनतो ते त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. उघडल्यावर या क्रमाने पाहा:

१. एकूण देय आणि भरायची तारीख.

२. मागची बाकी शून्य आहे का. नसेल तर इथेच थांबा, काहीतरी राहिलं आहे.

३. व्याज, शुल्क आणि जीएसटीच्या ओळी. नियमाने वागणाऱ्याच्या बिलात वार्षिक फी सोडली तर इथे काहीच नसायला हवं.

४. एकेक व्यवहार. न ओळखलेली छोटी रक्कमही सोडू नका. विसरलेली वर्गणी, न मागितलेला विमा किंवा कार्ड संरक्षण योजना इथेच सापडते. वर्गणीचे पैसे आपोआप कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, तो संदेश वाचत जा.

आता भाच्याच्या बिलाचा हिशेब. त्याच्या कार्डाचा दर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बिनव्याजी मुदतीची अट अशी की बिल पूर्ण भरलं तरच ती मिळते. एक हजार जरी राहिले, तरी मुदत सगळ्याच रकमेवरून जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. म्हणून ६ जून ते २४ जुलै असे ४९ दिवस पूर्ण ४०,००० वर व्याज लागलं: २,२५५ रुपये. पुढे २५ जुलै ते ५ ऑगस्ट हे १२ दिवस उरलेल्या हजारावर: १४ रुपये. हजार रुपयांवर व्याज चौदाच रुपये. बाकी सगळं व्याज भरून टाकलेल्या पैशांवरचं होतं. भाच्याने हे तीनदा मोजायला लावलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

त्याने फक्त किमान देय, म्हणजे पाच टक्क्यांच्या हिशेबाने २,००० रुपये भरले असते तर? व्याज २,७८० आणि जीएसटी ५००, मिळून ३,२८० रुपये. बाकी ३८,००० मध्ये ते मिळवा: ४१,२८०. दोन हजार देऊनही पुढचं बिल चाळीस हजारांच्या वर. किमान देय भरल्याने उशिराचं शुल्क टळतं आणि खात्यावर थकबाकीचा शिक्का बसत नाही. तेवढाच त्याचा उपयोग. व्याज त्याने थांबत नाही.

एक गोष्ट आणखी. बाकी राहिली असेल तर त्यानंतरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या काळात घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

सावध: थकलेलं बिल पूर्ण भरल्यानंतरच्या बिलातही थोडं व्याज येतं. बिल बनल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. घाबरू नका, पण तेही भरा, नाहीतर चक्र पुन्हा सुरू होईल.

भरताना शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी भरा. दुसऱ्या अॅपवरून भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायला कधीकधी वेळ लागतो आणि मध्ये सुट्टी आली की जीव टांगणीला लागतो. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचं शुल्क लावू नये आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांना थकबाकी कळवू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारीख हुकलीच तर या तीन दिवसांत धावपळ करून भरा. पण त्या भरवशावर दर महिन्याला रेंगाळू नका, व्याजाचा प्रश्न वेगळा राहतो.

परत केलेल्या वस्तूचे पैसे येणार असतील तरी बिल पूर्ण भरा. परतावा आला की रक्कम कार्डावर जमा दिसेल आणि पुढच्या बिलातून वजा होईल. "परतावा येणारच आहे" म्हणून कमी भरणारे भाच्यासारखेच अडकतात.

तपासणी: भरल्यानंतर दोन दिवसांनी अॅपमध्ये त्या बिलाची बाकी शून्य दिसते का ते पाहा. रुपयाच्या आतली, काही पैशांची बाकी राहिली असेल तर तीही भरून टाका.

पायरी ६: आधीच अडकला असाल तर

आधी कार्ड वापरणं बंद करा. अॅपमधून तात्पुरतं लॉक करा. बादलीचं छिद्र बुजवल्याशिवाय पाणी भरण्यात अर्थ नाही.

मग स्वस्त पैसा शोधा. मुदत ठेव असेल तर ती मोडा किंवा तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीवर सात टक्के मिळवत कार्डावर बेचाळीस टक्के भरण्यात काही शहाणपण नाही, तरी लोक "ठेव मोडायची नाही" म्हणून तसं करतात आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं. पतपेढीतलं किंवा सोनं तारण ठेवून घेतलेलं कर्जही कार्डाच्या व्याजापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. यातलं काहीच नसेल तर बँकेला सांगून सगळी बाकी ईएमआयमध्ये बदलून घ्या. दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्याचं शुल्क आधी विचारा.

एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डाने फिरवत राहू नका. वसुलीवाला "अर्ध्यात मिटवून टाकू" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. तडजोडीने मिटवलेलं खातं सिबिलच्या अहवालात "सेटल्ड" असं दिसतं आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी आडवं येतं. अगदीच इलाज नसेल तर लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे द्या.

पायरी ७: न केलेला व्यवहार दिसला तर

पहिल्या मिनिटात अॅपमधून कार्ड ब्लॉक करा. लगेच बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० वर फोन करा. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर २०१७ च्या नियमानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. उशीर झाला तर तुमचा वाटा वाढतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाज वाटून एक तासही घालवू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो.

पायरी ८: नको असलेलं कार्ड रीतसर बंद करणं

कात्रीने कापलं म्हणजे कार्ड बंद होत नाही. खातं चालू राहतं, वर्षाची फी लागते, ती थकते आणि दोन वर्षांनी सिबिलमध्ये दिसते. क्रम असा ठेवा: कार्डाला जोडलेल्या वर्गण्या आणि ईएमआय हलवा किंवा संपवा, रिवॉर्ड पॉइंट वापरून घ्या, बाकी शून्य करा, मग बंद करण्याची लेखी विनंती पाठवा. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. त्यापुढे उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणं बँकेवर बंधनकारक आहे. फोनवर "ही ऑफर घ्या, कार्ड राहू द्या" असा आग्रह झाला तर एवढंच सांगा की विनंतीची तारीख नोंदवून घ्या.

बाकी नसल्याचं पत्र मागून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी आपला पतअहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात त्या कार्डासमोर "क्लोज्ड" आणि बाकी शून्य असं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते पत्र जोडून अहवालातल्या चुकीची तक्रार तिथेच नोंदवा.